तिची ताठ पाठ

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, आणि कशाचा, तर तिच्या बसण्याचा. दागिन्यांचा नाही, माहेराचा नाही, पोरांच्या मार्कांचाही नाही. ती कॉम्प्युटरसमोर पाठ ताठ ठेवून बसायची आणि सकाळी जशी यायची तशीच्या तशी संध्याकाळी उठायची, याचा. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नणंदेला एकदा फोनवर सांगायला गेले, तर ती म्हणाली, "वैनी, बसन्याचा काय हेवा करायचा? तुमी पन बसा की तशा." तिला काय जातंय बोलायला.

भोरमध्ये तहसील कचेरीजवळच्या बोळात एक ऑनलाइन केंद्र आहे, तिथं मी काम करते. सातबारा, दाखले, पीक विमा, पोरांचे प्रवेश अर्ज, सगळं आमच्याकडं भरून मिळतं. टेबलं दोनच. एक दाराजवळचं, त्याला आम्ही पहिलं टेबल म्हणतो, आणि एक आतलं. पहिल्या टेबलावर मी अकरा वर्षं बसत होते. वेल्ह्याच्या डोंगरातून दोन एसट्या बदलून आलेली माणसं चप्पल काढायच्या आधी आत डोकावून बघायची आणि विचारायची, "त्या उंच बाई हायेत का?" मी असले तर थांबायची, नसले तर काही जण परत जायची. मला त्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू? घरात सकाळी उठून पंधरा भाकऱ्या थापणाऱ्या बाईला 'बाई हायेत का' असं कुणी विचारत नाही. घरात ती असतेच.

धाकटे दीर पुण्यातलं बिऱ्हाड मोडून गावी परत आले, भाटघरला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले, तेव्हा जावेला काम हवं होतं. पुण्यात ती एका कचेरीत दिवसभर आकडे भरायचं काम करायची. आतल्या टेबलावरची मुलगी लग्न होऊन गेली होती. मालकांना मीच म्हणाले, आमच्या जाऊबाईंना घ्या, घरचं माणूस आहे. म्हणजे हे मी माझ्या हातानं ओढवून घेतलं.

पहिल्या दिवशी ती पिशवीत काय काय घेऊन आली. एक चपटी उशी, ती पाठीला. जेवायला बसायचा एक जुना पाट, तो पायाखाली. आल्या आल्या तिनं खुर्ची वर घेतली, इतकी की तिचे पाय लोंबायला लागले, मग पाट सरकवून त्यावर पाय ठेवले. ती बुटकी आहे, माझ्या खांद्याला लागते. मग कपाटातली दोन जाड रजिस्टरं काढून स्क्रीनच्या खाली घातली. कीबोर्ड पोटाजवळ ओढला, माऊस त्याला चिकटवून ठेवला. हे सगळं होईपर्यंत बाहेर सात माणसं उभी होती आणि मी त्यातली दोन उरकली होती. मालक मात्र कौतुकानं बघत होते. म्हणाले, "वहिनी, बघा, ह्याला म्हणतात पद्धत." मला म्हणाले हे. अकरा वर्षं मी ज्या लाकडी कडेवर कोपर टेकवून, मान पुढं काढून त्यांचं केंद्र चालवलं, त्याला काहीच म्हणत नसावेत.

माझं माहेर राजगडाखालचं, पालीच्या अंगाचं. आमच्याकडं भात. लावणीला बायका एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोप लावत मागं मागं सरकतात. बांधाला टाच लागेपर्यंत पाठ वर करायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मध्येच कुणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की सगळी ओळ ओरडायची, "पाव्हनी आली गं! पाव्हनीला च्या द्या!" मी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा ओळीत उतरले आणि दुसऱ्याच वाफ्यात पाहुणी झाले. त्या दिवशी इतक्या हसल्या बायका मला, की त्यानंतर आयुष्यात मी ओळ संपल्याशिवाय पाठ वर केली नाही. कॉम्प्युटरवरसुद्धा माझं तेच. दारात रांग आहे तोवर उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मान वर करायची नाही. रांग संपली, की मग हाडं मोडत उभं राहायचं. यालाच मी काम समजत होते.

आणि ही बया रांग असताना उठायची! तिनं पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवली होती, ती संपली की भरायला उठायची. दोन अर्ज झाले की खिडकीतून लांबच्या डोंगराकडं बघत बसायची, डोळे मिटून उघडायची, खांदे गोल फिरवायची. मी मनात म्हणायचे, आली पाहुणी. एकदा मोठ्यानं म्हणालेही. तिला कळलं नाही, ती हसली. तिचं काम मात्र अडत नव्हतं. माझे चाळीस अर्ज होत तर तिचे पस्तीस होत, आणि संध्याकाळी पाचला माझे डोळे लाल, मान दगड झालेली, आणि ती केसात गजरा नीट करत असे. मग दीर मोटारसायकल घेऊन दारात हजर. मी एसटीच्या दांड्याला लोंबकळत.

घरीही तेच. तिच्या हाताचं पुण्यात बारीकसं ऑपरेशन झालं होतं म्हणे, म्हणून तिला भाकरी थापणं माफ होतं. सासूबाई, ज्यांनी माझ्या बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात मला चुलीपुढं बसवलं, त्या तिला म्हणायच्या, "तू ऱ्हाऊ दे बाई, हात जप." दोन्ही घरच्या भाकऱ्या माझ्याकडं. मी भाकरी थापताना ती दारातून जायची, ताठ, डोक्यावर घागर ठेवली तरी सांडणार नाही अशी. सासूबाई तिच्याकडं बघून म्हणायच्या, "पोरगी कशी डौलात चालती." मग माझ्याकडं बघून, "तू लई वाकलीस गं." माझा तवा त्या वेळी नेमका जास्त तापलेला असायचा.

आता खरी गोष्ट सांगते. माझ्या उजव्या हाताची बोटं ती यायच्या आधीपासूनच मुंग्या येऊन बधिर होत होती. आधी झोपेतून उठल्यावर, मग दुपारी, मग केव्हाही. बोट बटणावर आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. मानेला बाम चोळून पदर घट्ट लपेटून घ्यायचे, वास येऊ नये म्हणून. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, सुट्टी घे. मी सुट्टी घेतली असती तर पहिल्या टेबलावर कोण बसलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो विचार आला की बोटांपेक्षा पोटात जास्त दुखायचं.

आणि ती मला शिकवायची! "ताई, कोपर कडंला टेकवू नका." "ताई, मनगट वाकडं धरताय, सरळ धरा." "ताई, दोन मिनिटं उठा, रांग कुठं पळून चाललीय?" मी म्हणायचे, "मी काय म्हातारी झाले व्हय?" नाहीतर गप्प बसून कीबोर्ड जास्त जोरात बडवायचे. मला वाटायचं, ही चार माणसांत माझं बसणं काढते. मी वाकडी आहे हे रांगेला दाखवते. तिच्या प्रत्येक 'ताई'ला मी मनात एक उलटं उत्तर देऊन ठेवलं होतं.

एक दिवस ती माहेरी किकवीला गेली आणि मी चोरासारखी तिच्या टेबलाशी गेले. टेबलापासून स्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत विती मोजल्या. खुर्चीची उंची विती मोजून घेतली. पाटाची जागा पाहून ठेवली. कीबोर्ड पोटापासून किती बोटं, तेही. मग माझ्या टेबलावर सगळं तसंच्या तसं मांडलं, वीत-बोटाचाही फरक नाही. घरून पाट आणला तोही तिच्यापेक्षा चांगला, शिसवी. मनात म्हणाले, घे. आता मी पण ताठ.

तीन दिवस मी ताठ बसले. खुर्ची वर घेतल्यावर माझे गुडघे टेबलाच्या खणाला लागायला लागले, त्यात पाय पाटावर, म्हणजे मी जवळजवळ उकिडवी. माझा चष्मा बायफोकल, वर लांबचं आणि खाली जवळचं. स्क्रीन वर गेल्यामुळं अक्षरं खालच्या काचेतून दिसावीत म्हणून मी हनुवटी वर करून, मान मागं टाकून वाचत होते. एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, आज माळ्यावर काय दिसतंय?" चौथ्या दिवशी सकाळी मान फिरेना. ओरडायचीही सोय नव्हती. मी पाट घरी नेला, रजिस्टरं काढली आणि जावेवर आणखीच चिडले. तिचं तेच आसन तिला सुख देतं आणि मला नाही, म्हणजे देवानंसुद्धा तिचीच बाजू घेतली असं मला वाटलं. मापं तिच्या अंगाची होती, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. हेवा माणसाला मापं घ्यायला लावतो, पण स्वतःचं माप कधी घेऊ देत नाही.

त्याच आठवड्यात प्रवेश अर्जांची घाई उसळली. वेल्ह्याकडचा एक शेतकरी लेकीच्या नर्सिंगच्या अर्जाचे कागद ठेवून गेला. संध्याकाळची एसटी गाठायची होती, म्हणाला, "दोघींतल्या कुनीबी भरा बाई, मी पावती उद्या भाच्याकडनं नेतो." अर्ज मी भरला. रांग होती, म्हणून न उठता भरला. पोरीच्या जन्मतारखेत चारच्या जागी एक पडला. बोटाला कळलंच नाही ते कुठं पडतंय.

चार दिवसांनी तो माणूस पावती हातात धरून केंद्रात आला. यादीत लेकीचं नाव अडकलं होतं, दाखल्यावरची तारीख आणि अर्जावरची तारीख जुळत नव्हती. दुरुस्तीला त्या दिवशीपर्यंतच मुदत होती. "पोरगी रडून रडून जेवली न्हाई," तो म्हणाला. ओरडला नाही, तेच जास्त लागलं. मालकांनी पावती घेतली आणि आमच्या दोघींकडं बघितलं. पावतीवर केंद्राचा नंबर असतो, आमचं नाव नसतं. "कुणी भरला हा?"

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "सारखी उठबस चालू आसल्यावर आकडं चुकनारच की."

खोटं मी बोलले नाही, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. माझं वाक्य खोटं नव्हतं. फक्त ते कुणाच्या दिशेनं फेकलं, ते सगळ्यांना कळलं. मालकांनी जावेकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्त वेळ. मग हात पुढं करून पावती घेतली आणि त्या माणसाला म्हणाली, "बसा काका. मी करते दुरुस्त. आज होतंय, काळजी करू नका." ती दीड तास न उठता बसली, सर्व्हर दोनदा बंद पडला तरी. झालं दुरुस्त. मालक तिला एवढंच म्हणाले, "इथून पुढं रांग असताना उठायचं नाही." त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं अर्धा तास वाटलंही, ते लपवत नाही.

संध्याकाळी दीर गायीच्या डॉक्टरांना आणायला गेले होते, म्हणून ती माझ्यासोबत एसटी स्टँडवर आली. बाकावर आम्ही दोघी बसलो. ती तिथंही ताठ. मग माझ्याच्यानं राहवेना.

"का गप बसलीस? तुला म्हाईत हुतं तो अर्ज म्या भरलेला."

"व्हय."

"मग?"

"ताई, तुमी पेन उचलताना आधी बघता, मग उचलता," ती म्हणाली. "पुन्यात मी पन तसंच करायची. वर्षभर कुनाला सांगितलं न्हाई. शेजारची मुलगी माझ्या जागेवर बसंल म्हनून."

तिनं उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. तळव्याच्या खाली शिवण दिसली, ती मी इतक्या दिवसांत नीट बघितली नव्हती. ऑपरेशन उशिरा झालं, म्हणाली. दोन बोटांत अजून काही कळत नाही. तव्याचा चटका बसला तरी फोड आल्यावर कळतं. गाडीचा ब्रेक नीट दाबता येत नाही, म्हणून दीर सोडायला येतात. भाकरीचं तर विचारूच नका, "मला थापायची हौस न्हाई आसं वाटलं का तुमाला? माझ्या आईच्या घरी माझ्या भाकरीला नाव हुतं."

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मला रडू आलं ते माझंच. मी म्हणाले, "तुला निदान डॉक्टरांनी सांगितलं, कसं बसायचं, कवा उठायचं. मला कुनी सांगितलंच न्हाई गं."

ती म्हणाली, "मी आले त्या दिवसापासनं सांगतीया, ताई."

एसटी आली. आम्ही चढलो. बसायला एकच जागा होती, तिनं मला बसवलं. त्या अख्ख्या रस्त्यात मी तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही, आणि ते मानेमुळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक कुलूप काढत होते तेव्हाच मी त्यांना सांगितलं. अर्ज मी भरला, चूक माझी, बोटं बधिर आहेत. ते किल्ली हातात धरून उभे राहिले. "वहिनी, आधी बोलायचं ना." तेवढंच. दवाखान्यात डॉक्टरांनी कोपर दाबून बघितलं, तशी मी किंचाळले. नस कडेवर दाबून दाबून सुजली आहे, म्हणाले, वेळेवर आलात, पण काही महिने लागतील, आणि बोटांतली जाणीव सगळी परत येईल असं आज सांगत नाही. तोवर टायपिंग बंद. मालकांनी त्याच दुपारी जावेला पहिल्या टेबलावर बसवलं आणि मला आतल्या. कागद तपासायचे, स्कॅन करायचे, लोकांना काय लागतं ते सांगायचं.

पहिल्या टेबलावर बसायच्या आधी ती माझ्याकडं आली. मला खुर्चीवर बसवून तिनं खुर्ची खाली घेतली, माझी पावलं फरशीवर सपाट टेकेपर्यंत. स्क्रीनखालची रजिस्टरं काढली, आणि स्क्रीन जरा मागं कलवला, म्हणजे खालच्या काचेतून हनुवटी न उचलता वाचता येईल. टेबलाच्या कडेला पंच्याची घडी बांधली. पाठीमागं स्वतःची उशी ठेवली. "हे तुमचं माप," म्हणाली. सगळं कसं अंगाला लागून बसलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा खांदा आपोआप खाली आला. आणि तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, हेही हिलाच जमतं.

महिन्याभरानं एक म्हातारी आली. डोंगरातली, एकटी राहणारी. दरवर्षी हयातीचा दाखला माझ्याकडूनच करून न्यायची. दुसरं कुणी हात लावला तर कागद ओढून घ्यायची, ठसा द्यायला बोट पुढं करायची नाही. मालकांना ते माहीत होतं, जावेलाही मी सांगून ठेवलं होतं. म्हातारी दारात आली, चपला काढल्या, डोळ्यांवर हात धरून आत बघायला लागली. मी कागद बाजूला ठेवले आणि पाठ सरळ केली. मान वर, खांदे मागं. कुणी न सांगता, इतकी सरळ मी आजवर कधी बसले नव्हते, आणि त्या वेळी माझ्या मनात ना मान होती ना नस. तिला मी दिसावी, एवढंच होतं.

दिसले मी तिला. "बऱ्या हाय नव्हं बाई?" ती म्हणाली. मग पहिल्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली आणि माझ्या जावेपुढं तिनं अंगठा धरला.